चिंचोक्यांचा डाव आणि खमका माणूस

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "लोकशाही पुरे झाली, आता एक खमका माणूस हवा." दुसरे म्हणाले, "गरीब तो आळसामुळेच गरीब." या दोन वाक्यांचं जवळचं नातं आहे, आणि ते चिंचोक्यांवर दाखवता येतं.

माझ्या भाचा-भाचीला मी प्रत्येकी 100 चिंचोके दिले. छापा-काटा करायचा. ज्याचा ढीग लहान, त्याचा पाचवा हिस्सा डावावर. पहिला डाव भाचीचा: 120 आणि 80. दुसरा भाच्याचा, पण आता डावावर 80चा पाचवा हिस्सा, म्हणजे 16च. झाले 104 आणि 96. दोघांचा एकेक विजय, तरी तो मागे! सलग दोन हरला असता तर 64वर आला असता आणि पुढचे दोन जिंकूनही 92च्या आसपासच राहिला असता. "मामा, ही चीटिंग आहे!" पोरगं रडवेलं झालं.

चीटिंग नव्हती. तो हरतो मोठ्या ढिगातून आणि भरून काढतो लहान ढिगावरून. संगणकावर खूप खेळाडू घेऊन हाच डाव दीर्घकाळ चालवला, की जवळजवळ सगळे चिंचोके एकाकडे साचतात. अनिर्बाण चक्रवर्ती या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये हे गणित मांडलं. यात ना कुणाचा आळस, ना कुणाचा शनी. नीलमची अंगठी घालून हा उतार बदलत नाही.

गणितज्ञ ब्रूस बोघोसियन आणि सहकाऱ्यांनी त्यात दोन गोष्टी घातल्या. सगळ्यांकडून थोडा कर घेऊन तो समान वाटला, तर एकाकडे साचणं थांबतं. पण नाणं श्रीमंताकडे झुकवलं (स्वस्त कर्ज, महागडा वकील, वरपर्यंत ओळख) आणि तो झुकाव करापेक्षा भारी पडला, की मोठा वाटा पुन्हा एकाच मुठीत जातो.

कर किती आणि नाणं कोण तपासणार, हे मतपेटी ठरवते. म्हणूनच पैसा तिच्याकडे धावतो आणि मत देऊन काही होत नाही असं वाटणाऱ्याला खमका माणूस आपला वाटू लागतो. विषमता जास्त असते तिथे निवडून आलेला नेताच लोकशाही पोखरण्याची शक्यता वाढते, असं सुसान स्टोक्स आणि एली राऊ या राज्यशास्त्रज्ञांना अनेक देशांच्या आकडेवारीत दिसलं. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत एकाच भाषणात दोन्ही इशारे दिले होते: राजकारणात समता आणि पोटापाण्यात विषमता हा विसंवाद लोकशाही उडवून देईल, आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेईल.

शेवटी भाच्यानेच सुचवलं, "दर डावानंतर दोघांनी दहावा हिस्सा मधे टाकू आणि निम्मा-निम्मा घेऊ." भाची तेव्हा 140वर होती. ती म्हणाली, "नियम आधी ठरलेत. आता बदलायचे नाहीत."