स्ट्रिक्ट की ट्रान्झिशनल: ही भानगड आली कुठून

सोलापुरात वेब डिझाइन शिकलेल्या पोरांच्या हातात एखाद्या संस्थेची किंवा दुकानाची जुनी साइट आली की पहिल्या ओळीतच लांबलचक डॉकटाइप (पान कुठल्या नियमानं लिहिलंय ते ब्राउझरला सांगणारी ओळ) दिसतो, कुठं स्ट्रिक्ट लिहिलेलं असतं कुठं ट्रान्झिशनल, आणि नको तो कचरा म्हणून ती ओळ उडवली की चांगलं दिसणारं पान विस्कटतं. यामागं बराच इतिहास आहे.

एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, मुळात मजकुराची रचना सांगायला होतं, म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक, एवढंच. पुढं नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोररची चुरस लागली आणि फॉन्ट, सेंटर, बॅकग्राउंडचा रंग असलं दिसण्याचं सामान त्यात शिरलं, जानेवारी 1997 च्या एचटीएमएल 3.2 मध्ये तर त्याला अधिकृत जागाच मिळाली. तोवर सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते वेगळं लिहायची भाषा, आलं होतं (डिसेंबर 1996), पण ब्राउझर ते धड पाळत नव्हते. मग डिसेंबर 1997 च्या एचटीएमएल 4.0 मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं (वेबचे नियम ठरवणारी संस्था) वाटा वेगळ्या केल्या. स्ट्रिक्टमध्ये फॉन्ट, सेंटर बंद, लिंक नव्या खिडकीत उघडणारं टार्गेटसुद्धा बंद. ट्रान्झिशनलमध्ये हे सगळं चालेल, पण जमेल तिथं स्ट्रिक्टच वापरा असं स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेलं. फ्रेमवाल्या पानांसाठी तिसरा प्रकार होता, तो आता सोडून देऊ.

आता यात मराठीचं काय झालं ते बघा की, कारण हे कुणी फारसं बोलत नाही. तेव्हा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) आपल्याकडं रुळलेलं नव्हतं, डीटीपीवाल्यांकडं श्रीलिपीसारखे फॉन्ट, त्यात प्रत्येक मराठी अक्षराच्या मागं खरं तर इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा कोड, त्यामुळं मजकूर मराठी दिसायला तोच फॉन्ट लागायचा आणि पानभर फॉन्ट टॅग पेरलेला असायचा. सीएसएसमधून फॉन्टचं नाव देता यायचं तसं, पण बहुतेकांचा हात फॉन्ट टॅगवरच बसलेला. म्हणून मराठी पानांसाठी ट्रान्झिशनल हा आळस होता असं मला अजिबात वाटत नाही, ती त्या काळातली गरज होती. उलट असलं पान कुणी कष्टानं स्ट्रिक्टमध्ये आणलं, व्हॅलिडेटरनं (पान नियमात बसतं का ते तपासणारं साधन) पास केलं, तरी सर्चमध्ये मराठी शब्द टाकून ते सापडायचं नाही, कारण आतला मजकूर मराठी नव्हताच. व्हॅलिडेटर टॅग तपासतो, भाषा नाही.

2000 मध्ये मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 नं डॉकटाइप बघून पान कसं मांडायचं ते ठरवायला सुरुवात केली, मग बाकीचेही तेच करायला लागले. डॉकटाइपच नसला की क्वर्क्स मोड, म्हणजे जुन्या ब्राउझरच्या चुकांसकट मांडणी, म्हणून ती ओळ उडवली की पान बिघडतं. स्ट्रिक्ट असला की पूर्ण नियमानं, आणि मग टेबलात फोटोचे तुकडे जोडून केलेल्या जुन्या डिझाइनमध्ये प्रत्येक फोटोखाली फट दिसायची! ती दिसू नये म्हणून मोझिलानं ट्रान्झिशनलसाठी मधला मोड काढला.

2000 च्याच जानेवारीत एक्सएचटीएमएल 1.0 आलं, म्हणजे एक्सएमएल या दुसऱ्या, काटेकोर भाषेच्या नियमात बसवलेलं एचटीएमएल, त्यातही हेच तीन प्रकार, वर एक्सएमएलची कडक शिस्त. एक टॅग बंद करायचा राहिला की पानाऐवजी नुसती एरर. पण ती शिस्त लागू व्हायला सर्व्हरनं पान एक्सएमएल म्हणून पाठवायला हवं, आणि इंटरनेट एक्सप्लोररला तसलं पान 2011 मध्ये आवृत्ती 9 येईपर्यंत उघडताच येत नव्हतं, म्हणून लोक साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवत राहिले आणि कडकपणा नावापुरता उरला.

2004 मध्ये अॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा एचटीएमएलचे नियम लिहिणारा गट काढला. त्यांचं लई महत्त्वाचं काम म्हणजे चुकलेलं एचटीएमएल ब्राउझरनं नेमकं कसं वाचायचं हेच पायरीपायरीनं लिहून काढलं, त्यामुळं चुका सगळीकडं सारख्याच सांभाळल्या जायला लागल्या. लिहिणाऱ्यानं नियम पाळायचे, वाचणाऱ्या ब्राउझरनं सांभाळून घ्यायचं, पण तेही ठरवून, ही वाटणी मला सगळ्यात पटते. एचटीएमएल 5 मध्ये (शिफारस ऑक्टोबर 2014) स्ट्रिक्ट-ट्रान्झिशनल राहिलंच नाही, डॉकटाइप दोन शब्दांचा झाला, टार्गेट परत आलं, फॉन्ट आणि सेंटर लिहायला मनाई पण ब्राउझरनं दाखवायचे.

तेव्हा जुनी साइट हातात आली तर डॉकटाइप लगेच बदलू नका, आधी मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते बघा. नसेल तर पहिलं काम ते, मग कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत), पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये मराठीचा कोड, आणि टेबलची मांडणी सीएसएसवर नेल्यावर शेवटी डॉकटाइप.