ल रूज ए ल न्वार : सामाजिक वर्ग आणि महत्त्वाकांक्षा

‘ल रूज ए ल न्वार’ (तांबडे आणि काळे) ही स्तांदाल (मूळ नाव आंरी बेल, १७८३–१८४२) याची १८३० साली प्रसिद्ध झालेली फ्रेंच कादंबरी. नेपोलियनच्या पाडावानंतर राजा आणि सरदार परतले होते. सुताराच्या पोराने तलवारीच्या जोरावर वर चढण्याचा रस्ता बंद झाला होता, उरली होती ती पाद्र्याची काळी कफनी. शीर्षकातले तांबडे म्हणजे सैनिकी बाणा आणि काळे म्हणजे चर्च, असा अर्थ बहुधा लावला जातो. त्यावर एकमत नाही.

नायक ज्युलियँ सोरेल हा व्हेरियेर या कल्पित गावातल्या लाकूड-गिरणीवाल्याचा धाकटा मुलगा. पहिल्या भेटीतच तो करवतीवरच्या तुळईवर बसून नेपोलियनच्या आठवणी वाचत असतो. बाप एका फटक्यात पुस्तक ओढ्यात उडवतो. बायबलचा नवा करार लॅटिनमध्ये मुखोद्गत असल्याने नगराध्यक्ष रेनाल त्याला मुलांचा शिक्षक म्हणून ठेवू पाहतो. बाप पगारावर घासाघीस करतो, पण मुलाचा प्रश्न वेगळाच : जेवायचे कोणाबरोबर? नोकरांच्या पंगतीला बसण्याची त्याला धास्ती आहे. स्तांदालची नजर इथे दिसते. ज्युलियँला पैशाची हाव थोडी, अपमानाची भीती फार. त्याला केवळ संधिसाधू ठरवणारे टीकाकार या प्रश्नाकडे काणाडोळा करतात.

बझांसाँ शहरातल्या पाद्री घडवणाऱ्या शाळेतून तो पॅरिसला मार्की (एक सरदारी किताब) द ला मोलचा चिटणीस होतो. पहिल्याच कामात एका साध्या शब्दात एक अक्षर जास्त लिहितो आणि खेडवळपणा उघडा पडतो. पुढे मार्की त्याला निळा कोट देतो. तो घालून आला की मार्की त्याला सरदारपुत्राच्या मानाने वागवणार, काळा घातला की पुन्हा चिटणीस. माणूस तोच, बैठकही तीच, बदलतो फक्त कोट. मार्कीची मुलगी मातिल्द गरोदर राहते, तेव्हा त्याला लेफ्टनंटचा हुद्दा आणि नवे खानदानी नावही मिळते. तेवढ्यात नगराध्यक्षाची बायको आणि त्याची पूर्वीची प्रेयसी मादाम द रेनाल हिचे त्याची निंदा करणारे पत्र येते, आणि तो चर्चमध्ये तिच्यावर गोळी झाडतो. ती वाचते. या कथानकामागे आंत्वान बेर्ते या लोहारपुत्राचा १८२७ मधला खटला आहे. त्याला १८२८ मध्ये ग्रनोब्लला गिलोटिनवर चढवण्यात आले.

माफी मागण्याऐवजी ज्युलियँ ज्यूरीला सुनावतो, की मी तुमच्या वर्गातला नाही. या बाकांवर एकही पैसेवाला झालेला शेतकरी दिसत नाही, दिसतात ते चिडलेले बूर्झ्वा, म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गीय. दोषी ठरवणारा निकाल वाचतो तो वालनो. हा एकेकाळी गावच्या अनाथ-दरिद्री आश्रमाचा व्यवस्थापक होता. मेजवानी चालू असताना भिंतीपलीकडे आश्रमातला एक माणूस गाऊ लागला, तेव्हा त्याने त्याला गप्प करायला लावले होते. खटल्याच्या वेळी तो बॅरन, म्हणजे सरदार, झालेला आहे.