कुर्दी खेडे (इराण)

कुर्दी खेडे (इराण) : पश्चिम इराणच्या डोंगराळ मुलखातील कुर्दी वस्तीचे गाव, तेथील लोकसंख्या व कारभार. कर्मानशाह, पश्चिम अझरबैजान व इलाम या प्रांतांतही कुर्दांची मोठी वस्ती आहे. येथे मुख्यतः सनंदज राजधानी असलेल्या कुर्दिस्तान प्रांताचा विचार केला आहे.

गावाला कुर्दीत ‘दे’ किंवा ‘आवाई’ म्हणतात. सरकारदप्तरी ती ‘आबादी’ असते. ही फार्सी परिभाषा मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. जनगणनेला फार्सीत ‘सरशोमारी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः शिरगणती. जुन्या महसुली कागदांतील ‘देहझाडा’ या शब्दातले ‘देह’ म्हणजे गावच, आणि बुद्रुक-खुर्द ही जोडीही फार्सीतूनच आलेली. (या खुर्दचा कुर्दांशी संबंध नाही.) इराणात एकाच नावाच्या दोन गावांना बहुधा ‘ओल्या’ म्हणजे वरचे आणि ‘सोफ्ला’ म्हणजे खालचे अशी जोड देतात.

प्रांत (ओस्तान), शहरेस्तान, बख्श, देहेस्तान आणि शेवटी आबादी, अशी शासकीय उतरंड आहे. गावकऱ्याचा संबंध येतो तो बख्शच्या प्रमुखाशी, बख्शदाराशी; त्यावरचे अधिकारी त्याच्या दृष्टीने दूरचे.

पूर्वी गावाचा कारभार कदखुदा पाही. कुर्दीत त्याला ‘कुएखा’ म्हणत. १९३५ च्या कायद्याने या पदाला सरकारी चौकट मिळाली, तरी व्यवहारात तो जमीनदाराचाच माणूस असे. १९६० च्या दशकातील जमीनसुधारणेने जमीनदाराची पकड सैल केली. त्याच काळात गावातले किरकोळ तंटे गावातच मिटावेत म्हणून ‘खाने-ए-इन्साफ’ ही न्यायमंडळे निघाली. आजची रचना १९९० च्या दशकाअखेरची आहे. १९९९ मध्ये स्थानिक परिषदांच्या पहिल्या निवडणुका झाल्या. त्या व्यवस्थेत दीड हजारापर्यंत वस्तीच्या गावाला तीन आणि त्याहून मोठ्या गावाला पाच सदस्यांची ‘शोरा’ (परिषद) ठरली. शोरा ‘देहयार’ निवडते, पण त्याच्या नेमणुकीचा हुकूम बख्शदार काढतो. गल्ल्या, कचरा, दफनभूमी, बांधकामाचे परवाने ही देहयाराची कामे. शोराची बैठक कुर्दीत रंगते, कागद मात्र फार्सीत लिहावा लागतो. पाण्याच्या पाळीवरून किंवा बांधावरून भांडण झाले, तर लोक आजही आधी ‘रीशस्पी’ (पांढऱ्या दाढीचे, म्हणजे वडीलधारे) आणि ‘मामोस्ता’ (सुन्नी धर्मगुरू) यांच्याकडे जातात. कायद्याच्या पुस्तकात या दोघांना जागा नाही, पण त्यांना वगळून गाव समजत नाही.

राष्ट्रीय जनगणना १९५६ पासून होते: आधी दर दहा वर्षांनी, मग २००६, २०११ आणि २०१६ मध्ये. गावाची नोंद माणसांबरोबर कुटुंबांतही (खानेवार) होते. २०१६ मध्ये कुर्दिस्तान प्रांताची लोकसंख्या १६,०३,०११ होती आणि तिचा मोठा भाग शहरांत राहत होता. अवघी दोन-तीन घरे उरलेल्या आबादीची लोकसंख्या छापत नाहीत. ओस पडलेल्या गावाचे नाव मात्र यादीत राहते.

याहून जिवंत शिरगणती आरोग्यघरात सापडते. गावातूनच निवडलेला व प्रशिक्षण दिलेला आरोग्यसेवक, ‘बेहवर्ज’, घरोघर फिरून माणसे मोजतो आणि जन्म-मृत्यू ‘जीज-ए-हयाती’ नावाच्या वर्तुळाकार तक्त्यावर नोंदवतो. तक्ता भिंतीवर लावलेला असतो. त्यामुळे यंदा गावात किती जन्मले आणि किती गेले हे कोणालाही वाचता येते.

डोंगरात मुळात ‘गावात राहणे’ म्हणजे काय, हेच सरळ नाही. हवरामान भागातील गावे तीव्र उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली असतात. खालच्या घराचे छप्पर हे वरच्या घराचे अंगण. २०२१ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेथील अनेक कुटुंबे उन्हाळ्यात गुरे घेऊन उंचावरच्या ‘हवार’ या वस्तीत जात आणि थंडीपूर्वी परतत. अलीकडच्या जनगणना शरद ऋतूत झाल्या, म्हणजे हवार रिकामी होण्याच्या सुमारास. आता हे स्थलांतर कमी झाले असून दुसरे वाढले आहे: तरुण सनंदज, मरीवान किंवा तेहरानला मजुरीला जातात. सीमेलगतच्या गावांतले काही ‘कोल्बर’ होतात, म्हणजे इराकच्या हद्दीतून डोंगरवाटांनी पाठीवर माल वाहून आणतात. या वाटांवर सीमारक्षकांच्या गोळ्यांनी आणि हिमाने माणसे मरतात. मजुरीसाठी बाहेर गेलेला कमावता माणूस गावच्या आकड्यात असतो, पण बरेच महिने गावात नसतो.