दुसरा फ्लॅट लोनवर घेऊन भाड्याने द्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पूर्ण माहिती

राहतं घर आहे, पगार चालू आहे, आता लोन काढून एक फ्लॅट घ्यावा आणि भाड्यातून हप्ता फेडावा असं महाराष्ट्रात बरेच जण ठरवतात, पण अर्ज करायच्या आधी एक हिशोब मांडा. समजा फ्लॅट 50 लाखाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखाच्या लोनला किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के मिळतात, म्हणजे 40 लाख. वरचे 10 लाख, म्हणजे मार्जिन, तुमचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, तेही खिशातूनच. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर हप्ता 34,700 च्या आसपास येतो. भाडं 15 हजार आलं तरी दर महिन्याला जवळपास 20 हजार पगारातून जाणार, आणि फ्लॅट रिकामा असला की अख्खा हप्ता. हे झेपणार असेल तरच पुढे जा. मार्जिनसाठी पर्सनल लोन काढा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्याचा हप्ता धरून तुमची पात्रता आणखी कमी होते.

बँक तुमचं उत्पन्न, वय, नोकरी-धंद्यातली स्थिरता, चालू हप्ते आणि सिबिल (क्रेडिट स्कोअर) बघते. सिबिल 750 च्या वर असला की काम सोपं होतं. बायको किंवा नवरा कमावत असेल तर को-अ‍ॅप्लिकंट घ्या, रक्कम वाढते.

कागदपत्रं नेहमीचीच: पॅन, आधार, फोटो, सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म 16. धंदा असेल तर साधारण तीन वर्षांचे आयटी रिटर्न आणि ताळेबंद.

खरी मेहनत फ्लॅटच्या कागदांची. रीसेल असेल तर आधीचे सगळे करारनामे, इंडेक्स 2 (करारनाम्याच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र), भोगवटा प्रमाणपत्र, आणि स्वतःच्या वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल). बँकेचा वकील बघतोच की, मग वेगळा खर्च कशाला असं वाटतं, पण तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, तुमचे नाही. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नोंदणी नंबर टाकून बघा, आणि करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही हे लक्षात ठेवा. भाड्याने द्यायला पहिल्यांदाच घेत असाल तर तयार फ्लॅटच बघा असं माझं स्पष्ट मत आहे, बांधकाम चालू असताना व्याज सुरू होतं आणि भाडं शून्य.

क्रम असा ठेवा, आधी सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र), मग विकणाऱ्याला टोकन. त्यानंतर बँकेची कायदेशीर तपासणी आणि व्हॅल्युएशन, मग करारनामा रजिस्टर, मग चेक. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याचा 1 टक्का टीडीएस (त्याला द्यायच्या पैशातून कापायचा कर) तुम्हीच कापून भरायचा.

मूळ कागद बँकेत जमा करून गहाण ठेवले की 30 दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारकडे द्यायची सूचना) फाइल करावी लागते. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची यादी बँकेच्या सहीशिक्क्यानिशी घ्या, कारण लोन फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत मिळाले नाहीत आणि चूक बँकेची असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते, आणि तेव्हा काय काय दिलं होतं ते या यादीवरूनच दाखवता येतं.