जुन्या पेटीला नवा सूर : ४३५ की ४४०?

कोल्हापुरात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पेट्यांत, म्हणजे हार्मोनियममध्ये, पॅरिसचे आणि जर्मन सूर अजून सापडतात. सूर म्हणजे इथं आवाज देणारी पितळी जीभ आणि ती जिच्यावर बसते ती पाटी. १९१५ साली इथं पॅलेस थिएटर उभं राहिलं तो संगीत नाटकांचा काळ, आणि तेव्हा सूर बाहेरूनच यायचे. पुढं आयात आटली आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर देशभर गेले. आज बदली सूर म्हणून हातात येतो तो बहुधा तिथलाच.

खरा वाद आहे तो स्वराच्या उंचीचा. १८५९ मध्ये फ्रान्सने पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘ए’ स्वर, सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधली. १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० ठरले आणि मोबाइलमधला ट्यूनर आता तेच धरून चालतो. फरक जेमतेम २० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पण ४३५ ला लागलेल्या दोन नर (मधल्या उंचीच्या सुरांच्या) ओळींपैकी एकीत ४४० चा सूर बसला, की पांढरी सहा दाबताच आवाजात सेकंदाला ५ हेलकावे (लहानमोठं होणं) येतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, सगळी पेटीच ४४० ला न्या. ३९ पट्ट्यांच्या दुहेरी (पट्टीमागं दोन सुरांच्या) पेटीत याचा अर्थ ७८ जिभांची टोकं खरवडणं. गेलेलं पितळ परत येत नाही, आणि ज्या आवाजासाठी ही पेटी जपली तोच पातळ होतो. नवा सूर जुन्या ओळीला मिळवावा, हेच बरोबर. कीबोर्डसोबत वाजवायचंच असेल तर त्यासाठी दुसरी पेटी घ्यावी.

सूर उतरवायचा तर जिभेच्या मुळाशी, चढवायचा तर टोकाशी खरवडावं. जिभेखाली पातळ पितळी पट्टी सरकवून, हलक्या हातानं. दोनतीन दिवस ठेवून पुन्हा तपासावं, कारण ताजा खरवडलेला सूर हलतो.

बदली सुराच्या खरेदीआधी व्हर्नियरनं (बारीक मापाच्या कॅलिपरनं) जुन्या सुराच्या पाटीची लांबी, रुंदी, जाडी आणि दोन स्क्रूंमधलं अंतर मोजावं. सूर ज्या फळीवर बसतात तिच्यातली भोकं जुळली नाहीत तर जुन्याला लागून नवं पाडू नये, फळी चिरते. जुनं भोक बांबूची काडी आणि सरस घालून बुजवावं, वाळलं की नवं पाडावं. फळीतली खाच अरुंद असेल तर जीभ लाकडाला घासून चरचरते. जिभेचं टोक फार वर असेल तर सूर उशिरा बोलतो, फार खाली असेल तर जोराच्या भात्यात गुदमरतो.

एखादा सूर अचानक उतरला तर तो मिळवत बसू नये. बहुतेक वेळा मुळाशी चीर असते, भिंगातून दिसते. चढवला तरी पुन्हा उतरतो. तो सूर बदलायचाच.