पियानोची शिकवणी: बोटांकडून खांद्याकडे

पियानो शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी सांगितलं जातं: बोटं गोलाकार ठेवा, मनगट हलू देऊ नका, जोर फक्त बोटांचा लावा. पिढ्यान्‌पिढ्या ही शिकवण चालत आली आहे. मात्र ती जन्माला आली तेव्हाचं वाद्य आजच्या पियानोसारखं नव्हतं, आणि शिकणाऱ्यांच्या कितीतरी त्रासाचं मूळ मला या विसंगतीत दिसतं.

फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यं बनवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीच्या नव्या वाद्याची नोंद १७०० सालच्या यादीत सापडते. पियानोआधीच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यात तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नाही. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येत होती आणि बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होत होता. शिकवणारे मात्र सगळे हार्प्सिकॉर्डवर तयार झालेले. त्यांच्या शिस्तीचा अंदाज फ्रेंच हार्प्सिकॉर्डवादक फ्रान्स्वा कूपरेंच्या १७१६ च्या पुस्तकावरून येतो. लहान मुलांना शिकवताना तो वाद्याला कुलूप लावून किल्ली स्वतःबरोबर घेऊन जात असे. गुरूच्या माघारी मूल वेडंवाकडं वाजवेल आणि हाताला लागलेलं वळण बिघडेल, ही त्याला धास्ती होती. पुढे १७५३ मध्ये जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमान्युएल बाखने आपल्या ग्रंथात अंगठ्याला मुख्य बोटाचा मान दिला. त्याच्या वडिलांच्या लहानपणी मोठमोठे वादकही बोटं लांब ताणायची वेळ आली तरच अंगठा वापरत. आज स्केल, म्हणजे ओळीने चढणारे-उतरणारे स्वर, वाजवताना अंगठा बोटांखालून सरकवतात, त्या पद्धतीचा पाया इथे पक्का झाला.

अठराव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्ना आणि आसपास बनणारे पियानो हलके होते: लाकडी सांगाडा, कातडं लावलेल्या छोट्या हातोड्या, उथळ आणि झटकन दबणाऱ्या पट्ट्या. त्यांना खरोखरच बोटांचा जोर पुरत होता. १७७७ मध्ये ऑग्सबर्गमध्ये मोझार्टने श्टाइन या पियानोकाराच्या आठ वर्षांच्या मुलीचं वादन ऐकलं. ती एखाद्या स्वरावर जोर देताना बोटाऐवजी पूर्ण हात वापरते, अशी तक्रार त्याने स्वतःच्या वडिलांना पत्रातून कळवली. त्या वाद्यापुरती त्याची तक्रार रास्त होती. ही मुलगी म्हणजे नानेट, जी मोठेपणी व्हिएन्नातली नावाजलेली पियानोकार झाली.

मग वाद्य झपाट्याने बदललं. १८२१ मध्ये एरार या पियानोकाराने अशी यंत्रणा आणली, की पट्टी पूर्ण वर येऊ न देता तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. १८२५ मध्ये बॉस्टनच्या बॅबकॉक या पियानोकाराने ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. हातोड्यांवर फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, आलं, तारा जाड झाल्या, त्यांच्यावरचा एकूण ताण वाढत वाढत टनांच्या हिशेबात गेला. मैफलीही दरबार आणि दिवाणखाने सोडून मोठ्या सभागृहांत गेल्या. १८४० मध्ये लंडनला पियानोवादक लिस्टच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत ‘रिसायटल’ हा शब्द वापरला गेला. एकट्या वादकाने संपूर्ण कार्यक्रम पेलायचा, ही प्रथा त्याच सुमारास रुजली. पियानोवादक क्लारा शुमान समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता वाजवायची, तेव्हा काहींना तो आगाऊपणा वाटला होता. आता पाठ नसणं हीच उणीव मानली जाते.

शिकवणी मात्र बोटांपाशीच अडकून राहिली, उलट आणखी कडक झाली. १८१४ मध्ये डब्लिनच्या लोजिए या शिक्षकाने ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या साधनाचं पेटंट घेतलं. पट्ट्यांसमोर बसवायची ही एक चौकट होती. दोन आडव्या दांड्यांमध्ये मनगट अडकायचं, म्हणजे ते वरही जात नसे आणि खालीही. पुढे प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा. अशी पुष्कळ मुलं एकाच वेळी, एका तालात वाजवत. काल्कब्रेनर या पियानोवादकाने याच कल्पनेतून हात टेकवायची सुटसुटीत दांडी काढली आणि पुढे संगीतकार झालेल्या लहानग्या सँ-साँसलाही तिच्यावर घोटवलं गेलं. या यंत्रांमागचा हेतू वाईट नव्हता. पण पाचही बोटं सारखी करायची, हे ध्येयच मला चुकीचं वाटतं. बीथोवेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू असलेल्या चेर्नीने सरावासाठी शेकड्यांनी रचना लिहिल्या, १८७३ मध्ये आनोंचे साठ व्यायाम छापले गेले, आणि ते दोन्ही अजून विद्यार्थ्यांच्या हातात आहेत.

संगीतकार आणि पियानोवादक शोपाँने नेमकी उलटी वाट धरली. पॅरिसमध्ये त्याचं बरंचसं पोट शिकवण्यांवर चालायचं. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तेव्हा त्यांना एकसारखं करण्यापेक्षा प्रत्येकाचा वेगळा स्पर्श फुलवावा, असं त्याने आपल्या अपुऱ्या टिपणांत लिहून ठेवलं आहे. सुरुवात तो सी मेजर या स्केलने करत नसे. अंगठा ई या पांढऱ्या पट्टीवर, मधली तीन लांब बोटं एफ शार्प, जी शार्प, ए शार्प या काळ्या पट्ट्यांवर आणि करंगळी पुन्हा पांढऱ्या बी वर. असा हात ठेवून बघा: लांब बोटं आपोआप उंच पट्ट्यांवर येतात, आखूड बोटं खालच्या, आणि तळवा कुठेही आखडत नाही. म्हणून स्केलमध्येही बी मेजर आधी आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं, दिसायला सोपं पण हाताला अवघड असलेलं सी मेजर शेवटी. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सराव त्याला मान्य नव्हता. ही टिपणं त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत.

दंडाच्या आणि खांद्याच्या वजनाचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत लुडविग डेपेने सुरू केला. लंडनमध्ये मॅथेने १९०३ मध्ये आणि जर्मनीत ब्राइटहाउप्टने १९०५ मध्ये त्यावर सविस्तर पुस्तकं लिहिली. हात मोकळा सोडा, वजन पट्टीच्या तळाशी पोचू द्या, हा त्यांचा रोख. त्यातही अतिरेक झालाच. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या ऑर्टमनने प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दाखवून दिलं, की जलद वादनात पूर्ण सैल हात शक्यच नाही. स्नायू योग्य क्षणी ताणले जायला हवेत आणि लगेच सुटायला हवेत.

शोपाँच्या त्या पाच पट्ट्यांना मॉस्कोच्या हाइनरिख नॉयहाउस या पियानोशिक्षकासारखा जोरकस पुरस्कर्ता मिळायला मोठा काळ जावा लागला. १९५८ मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकात त्याने पियानोच्या अभ्यासाची सुरुवात तिथूनच व्हावी, असं आग्रहाने मांडलं. तरी नवशिक्यांची बहुतेक पुस्तकं अजून मधल्या सी पासून सुरू होतात, कारण कागदावर तो स्वर वाचायला सोपा असतो.