एक्स्चेंज डिजिटल, मग खरखर कुठून?

पावसाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीकडे लँडलाइनवर 'घूंऽऽ' सुरू झालं की हमखास विचारलं जातं, "एक्स्चेंज डिजिटल आहे ना?" आवाजाचे आकडे झाले की वाटेत त्यांना सहसा धक्का लागत नाही, हे खरंच. खरखर शिरते ती त्याआधी, एक्स्चेंजमधल्या लाइन कार्डात, म्हणजे अनेक ग्राहकांच्या तारा जिथे येतात त्या सर्किट बोर्डात. 'डिजिटल स्पष्टता' म्हणणाऱ्या जाहिराती हा भाग गाळतात.

एक्स्चेंजमधल्या सेकंदाला २.०४८ मेगाबिटच्या प्रवाहात ३२ कप्पे असतात, त्यातले ३० बोलण्यासाठी. प्रत्येकात सेकंदाला ८,००० नमुने (आवाजाची मोजमापं), नमुन्याला ८ बिट. नमुने घेण्याआधी फिल्टरने ३,४०० हर्ट्झच्या वरचं छाटावंच लागतं, नाहीतर ५,००० हर्ट्झची शिट्टी ३,००० ची होऊन बसते आणि मग ती काही केल्या निघत नाही.

पण खरी कसोटी लागते ती शांततेत. आपल्याकडचा ए-लॉ, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याचा ठरलेला नियम, हळू आवाजाला बारीक पायऱ्या देतो, मोठ्याला जाड. सगळ्यात जाड पायरी बारीक पायरीच्या ६४ पट. कोडेकची (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपची) कमाल मर्यादा २ व्होल्ट धरली तर बारीक पायरी साधारण १ मिलिव्होल्टची. आणि या जिन्यात शून्याची पायरीच नाही! आकडा एकतर अर्धी पायरी वर, नाहीतर अर्धी खाली. त्यात कोडेकमधलं ऑटो-झीरो सर्किट विद्युतदाब नेमका या दोघांच्या काठावर आणून ठेवतं. मग शेजारच्या ग्राहकाच्या तारांच्या जोडीतून ०.१ मिलिव्होल्ट जरी झिरपला, तरी आकडा वर-खाली उड्या मारतो आणि पलीकडे अर्ध्या मिलिव्होल्टची चौकोनी लाट ऐकू येते. झिरप पाचपट झाली.

पावसाने केबलचा जोड ओला झाला की दोन तारांचा समतोल बिघडतो. विजेच्या तारांमुळे दोन्हींत सारखाच शिरलेला ५० हर्ट्झ आता आवाजात उतरतो. ५० ला फिल्टर अडवतो. त्याचे ३५०, ४५० हर्ट्झचे गुणक मात्र थेट आत जातात.

म्हणून कार्ड आखताना अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड (दोन्ही भागांची शून्य व्होल्टची जोडणी) एकाच बिंदूत जोडावेत. कोडेकच्या पुरवठ्याच्या पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. दोन इंच लांब लावला तर त्याचा उपयोग फारसा राहत नाही. घंटीचे ७५ व्होल्ट नेणारी तांब्याची पट्टी कार्डाच्या दुसऱ्या कडेने न्यावी.

तपासताना लाइनच्या जागी ६०० ओहमचा रोध लावा. मोकळ्या वाहिनीचा गोंगाट उणे ६५ डीबीएम०पीच्या (कानाला जाणवेल तसं तोललेलं गोंगाटाचं माप) खाली राहिला पाहिजे. आता शेजारच्या वाहिनीवर घंटी वाजवा. घंटीच्या ठेक्यावर गोंगाट मोजणाऱ्या मीटरचा काटा उडाला, तर ती पट्टी कोडेकजवळूनच गेली आहे.